व्हिक्टोरियन चित्रातली गोष्ट कपड्यांवरून कशी वाचावी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं (१८३७ ते १९०१) गोष्ट सांगणारं चित्र समोर आलं की आपण आधी चेहरे बघतो. कोण रडतंय, कोण हसतंय, कोण कोणाकडे बघतंय. नव्याने ही चित्रं बघायला लागलेल्यांना माझं सांगणं आहे की चेहरे शेवटी बघा. आधी हातमोजे बघा. पुरुषाची हॅट डोक्यावर आहे, हातात आहे की टेबलावर, ते बघा. बाईचा गळा बंद आहे की उघडा, आणि चित्रात दिवस आहे की रात्र, हेही बघा. त्या काळच्या लंडनमध्ये कधी, कुठे, कुणापुढे काय घालायचं आणि कसं वागायचं याचे नियम ठरलेले होते. चित्रकाराने त्यातला एखादा नियम मोडलेला दाखवला की तिथेच गोष्ट सुरू होते. म्हणून ‘इथे नेमकं काय चुकलंय?’ हा प्रश्न मनात ठेवून बघायला बसा.

हे नियम इतके घट्ट का होते, हे थोडक्यात समजून घ्यायला हवं. गिरण्या, खाणी, रेल्वे आणि व्यापार यांतून नवा पैसा आला होता. ज्यांचे आजोबा दुकानात बसत होते, त्यांच्या नाती नाचाच्या समारंभांना जाऊ लागल्या होत्या. अशा घरांसाठी शिष्टाचाराची पुस्तकं धडाधड छापली जात होती. लंडनमधल्या रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या उन्हाळी प्रदर्शनाला येणारा प्रेक्षक बराचसा याच वर्गातला होता. आपलं काही चुकेल का, ही धास्ती त्याला ओळखीची होती. चित्रातली दुसऱ्या कुणाची चूक त्याच्या डोळ्यांना लगेच टोचायची, आणि चित्रकार नेमका याच नजरेवर विसंबून असायचा.

पहिलं चित्र कोणतं घ्यावं

सुरुवात जेम्स टिसोच्या ‘टू अर्ली’ने करा. १८७३चं हे चित्र लंडनच्या गिल्डहॉल आर्ट गॅलरीत आहे. ते संगणकावर मोठं करून बघा, मोबाइलच्या पडद्यावर यातलं निम्मं हाती लागत नाही. टिसो मूळचा फ्रान्समधल्या नान्त शहराचा. वडील कापडाचे व्यापारी, आईचा टोप्यांचा व्यवसाय. कापड कसं पडतं आणि झालर कशी उभी राहते, हे त्याने लहानपणापासून घरातच पाहिलं होतं. १८७१मध्ये पॅरिसमधल्या उठावानंतर तो लंडनला आला आणि पुढची ११ वर्षं तिथे राहिला.

या चित्रात नाचाचा दिवाणखाना सजून तयार आहे, पण पाहुणे वेळेच्या आधीच येऊन पोचलेत. घरातली बाई अजून वादकांना सूचना देतेय. दाराच्या फटीतून मोलकरणी डोकावून हसतायत. आणि मधल्या मोकळ्या जागेत ही आगंतुक मंडळी अवघडून उभी आहेत. आता त्यांचे कपडे नीट बघा. बायकांचे पायघोळ झगे, उघडे खांदे, हातात पंखे. पुरुषांचे काळे कोट, पांढरे गळाबंद. कपड्यांत एकही चूक काढता येत नाही. चुकलीय ती फक्त वेळ. टिसोने चित्राचा मोठा भाग नुसत्या रिकाम्या जमिनीला दिलाय, आणि तो ओशाळलेपणा सगळा त्या रिकाम्या जमिनीत आहे. मला हे चित्र त्या काळातल्या कितीतरी रडव्या चित्रांपेक्षा मोठं वाटतं. इथे कुणी मरत नाही, कुणी घर सोडून जात नाही, तरी त्या तरुण मुलींची घालमेल आपल्यापर्यंत पोचते.

घेरावरून वर्ष ओळखा

चित्राखाली साल लिहिलेलं असलं तरी ते आधी स्वतः ओळखायचा प्रयत्न करा. त्यासाठी बाईच्या झग्याचा खालचा भाग पुरतो. १८४०च्या दशकात घेर आतल्या अनेक परकरांवर तोललेला असतो आणि बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) चेहऱ्याला दोन्ही बाजूंनी झाकतं. १८५६च्या सुमारास पोलादी कड्यांचा हलका सांगाडा बाजारात आला. त्यामुळे परकरांचं ओझं गेलं आणि घेर मात्र वाढतच गेला. १८६०च्या आसपास तो सर्वांत रुंद दिसतो. साठच्या दशकाच्या शेवटी पुढची बाजू सपाट होऊन सगळं कापड मागे जातं. १८७०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात कमरेमागे फुगवटा दिसतो. १८७६नंतर काही वर्षं झगा मांड्यांपर्यंत अंगाला घट्ट बसतो आणि मागे लांब शेपटी लोळते. १८८३च्या सुमारास फुगवटा परत येतो, तोही आधीपेक्षा टोकदार, फळीसारखा आडवा. बाह्या खांद्यापाशी प्रचंड फुगलेल्या दिसल्या तर तुम्ही १८९०च्या दशकाच्या मध्यावर आहात.

रंगही मदत करतो. १८५६मध्ये विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कृत्रिम रंगांची रांगच लागली. डोळ्यांत भरणारा जांभळा किंवा किरमिजी झगा दिसला तर हे लक्षात असू द्या.

सराव म्हणून ऑगस्टस एगचं १८६२चं ‘द ट्रॅव्हलिंग कम्पॅनियन्स’ बघा. ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. आगगाडीच्या डब्यात समोरासमोर दोन तरुणी, अगदी एकसारख्या करड्या रेशमी पोशाखात. एक वाचतेय, दुसरी झोपलीय. खिडकीबाहेर दक्षिण फ्रान्समधलं मांतोन. दोघींच्या घेरांनी डब्यातली जागा इतकी व्यापलीय की तिसरं माणूस बसणार कुठे, असा प्रश्न पडतो. साल न वाचताही तुम्हाला १८६०च्या आसपासचं सांगता यायला हवं.

दिवसाचा पोशाख, रात्रीचा पोशाख

भल्या घरातली बाई दिवसा बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा पोशाख घाली. उघडा गळा आणि आखूड बाह्या संध्याकाळच्या जेवणापासून पुढे चालत. लग्न न झालेल्या मुलींनी फिके रंग आणि मोजके दागिने घालावेत, जड मखमल आणि हिरे विवाहितांसाठी, असा सर्वसाधारण संकेत होता. घराबाहेर डोकं झाकलेलं आणि हात मोज्यात असायचे. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ चित्रं उलगडतात.

विल्यम होल्मन हंटचं ‘द अवेकनिंग कॉन्शन्स’ (१८५३) हे याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. ते लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात आहे. घाईने बघणाऱ्याला एक जोडपं पियानोशी बसून गात होतं आणि बायको अचानक उठली, एवढंच दिसतं. आता तिचा डावा हात मोठा करून बघा. इतर बोटांत अंगठ्या आहेत, लग्नाच्या अंगठीचं बोट तेवढं रिकामं आहे. आरशात बाहेरची बाग आणि ऊन दिसतं, म्हणजे वेळ दिवसाची. तिच्या अंगावर मात्र परपुरुषासमोर कधीही घालू नयेत असे घरातले सैल कपडे आहेत. त्याची हॅट टेबलावर आहे. एक हातमोजा गालिच्यावर फेकलेला आहे. आता कळतं की हे घर त्यांच्या संसाराचं नाही. त्याने तिला ठेवलंय आणि तो येऊनजाऊन असतो. टेबलाखाली मांजराने पाखरू पकडलंय, ही खूण तर कुणालाही कळेल. माझ्या मते हातमोजा त्याहून जास्त बोलतो. मांजर आणि पाखरू चित्रकाराने मुद्दाम आणून ठेवलेत, हातमोजा त्या माणसाने स्वतः टाकलाय.

हे चित्र १८५४मध्ये प्रदर्शनात लागलं तेव्हा बऱ्याच जणांना त्याचा अर्थ लागला नाही. मग कलासमीक्षक जॉन रस्किनने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून ते समजावलं. त्या खोलीतलं सगळं सामान कसं डोळ्यांवर येण्याइतकं कोरं आहे, हे त्याने दाखवलं. वर्षानुवर्षं नांदत्या घरात असं नसतं. आणि झग्याच्या किनारीविषयी त्याने जे लिहिलं ते मला कपड्यांबद्दलच्या सगळ्या लिखाणात फार मोलाचं वाटतं. हंटने धागा न् धागा रंगवलेली ती पांढरी किनार उद्या रस्त्यावरच्या धुळीने आणि पावसाने मळणार आहे, तिच्यातच या मुलीची पुढची गोष्ट आहे, असा त्याचा आशय होता.

पुरुषांकडेही बघा

फॅशन म्हटलं की नजर बायकांकडे जाते. पण पुरुषांच्या बाबतीत खुणा कमी आणि जास्त सोप्या आहेत. दुपारच्या भेटीला आलेला गृहस्थ हॅट आणि काठी सोबत आत आणी आणि हातातच ठेवी. थोडा वेळच थांबणार आहोत, हे त्यातून कळे. हॅट टेबलावर आरामात ठेवलेली असेल तर तो स्वतःला या घरचा समजतो. रस्त्यात ओळखीची बाई भेटली तर आधी तिने मान लववायची, मग त्याने हॅट उचलायची. बायकांच्या सोबतीत चिरूट ओढणं असभ्य समजलं जाई.

हा शेवटचा नियम डोक्यात ठेवून टिसोचं ‘लंडन व्हिजिटर्स’ (सुमारे १८७४) बघा. ते अमेरिकेतल्या टोलेडो संग्रहालयात आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या पायऱ्यांवर एक जोडपं उभं आहे. नवरा मार्गदर्शक पुस्तकात डोकं खुपसून उभा आहे. बायकोने छत्री पुढे केलीय आणि ती थेट आपल्याकडे बघतेय. आजूबाजूला निळे लांब कोट आणि पिवळे मोजे घातलेली क्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेची मुलं आहेत. आणि अगदी पुढच्या पायरीवर एक चिरूट पडलाय. तो नवऱ्याचा दिसत नाही, त्याच्यापासून बराच लांब आहे. मग तो टाकला कुणी? चौकटीबाहेर, म्हणजे आपण उभे आहोत त्याच जागी, कुणी पुरुष असणार. बाई दिसली म्हणून त्याने चिरूट टाकला असावा. हे एकदा ध्यानात आलं की ती बाई कोणाकडे बघतेय हे कळतं, आणि बघणारे आपण एकदम चित्रातलं पात्र होऊन जातो.

मध्ये कोण बसलंय

लग्न न झालेली मुलगी परक्या तरुणाशी एकटी बोलताना दिसता कामा नये. सोबत आई, मावशी, वडील, कुणीतरी हवंच. त्यामुळे चित्रात दोन तरुण माणसं दिसली की त्यांच्या मध्ये कोण आहे आणि ते माणूस जागं आहे का, हे तपासा.

एब्राहम सॉलोमनने १८५४मध्ये पहिल्या वर्गाच्या रेल्वे डब्याचं चित्र काढलं. कोपऱ्यात वडील झोपलेत आणि तरुण त्यांच्या मुलीशी बोलण्यात रमलाय. लोकांनी नाकं मुरडली. वडिलांच्या झोपेचा फायदा घेणं भल्या माणसाला शोभत नाही, असा आक्षेप होता. सॉलोमनने तेच चित्र पुन्हा रंगवलं. या वेळी वडील टक्क जागे आहेत, दोघांच्या मध्ये बसलेत, तरुण त्यांच्याशी बोलतोय आणि मुलगी पलीकडून ऐकतेय. दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावा. शिष्टाचाराच्या पुस्तकाची शंभर पानं वाचून जे कळणार नाही ते इथे कळतं. मला स्वतःला पहिलं चित्र जास्त जिवंत वाटतं. पण समाजाने काय मागितलं, याचा पुरावा दुसऱ्यात आहे.

काळा रंग दिसला तर

सुतकाचे कपडे हा त्या काळातला मोठा विषय. विधवेला साधारण दोन-अडीच वर्षं शोकाचे कपडे घालावे लागत. त्यात सुरुवातीला चमक नसलेलं, सुरकुतलेलं काळं क्रेप कापड, मग साधं काळं, मग करडा किंवा फिका जांभळा. राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट १८६१मध्ये गेले आणि राणीने १९०१पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काळा रंग सोडला नाही. त्यामुळे या रिवाजाला आणखी जोर आला.

रिचर्ड रेडग्रेव्हच्या ‘द गव्हर्नेस’मध्ये (१८४४, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम) काळ्या कपड्यातली तरुण शिक्षिका काळ्या काठाचं पत्र हातात धरून बसलीय. काळा काठ म्हणजे मृत्यूची बातमी. मागे उजेडात तिच्या शिकवणीच्या मुली, फिक्या रंगांच्या छान कपड्यांत. ती मोलकरीण नाही, पण घरच्या माणसांतलीही नाही. तिची ही मधली जागा रेडग्रेव्हने कपड्यांच्या फरकातून दाखवलीय.

पण काळं दिसलं की लगेच सुतक समजू नका. कापड चमकतंय का, ते बघा. टिसोचं ‘ऑक्टोबर’ (१८७७, कॅनडातलं माँट्रियलचं संग्रहालय) घ्या. पिवळ्या पानांखालून काळ्या पोशाखातली एक तरुणी झगा किंचित उचलून चाललीय आणि वळून मागे बघतेय. हे दुःख नव्हे, ही ऐन फॅशन आहे.

ही तरुणी कॅथलीन न्यूटन. तिची हकिगत आपल्या देशाशी जोडलेली आहे. तिचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. लग्नासाठी तिला हिंदुस्थानात पाठवलं गेलं. इथल्या सरकारी सेवेतल्या एका डॉक्टरशी तिचं लग्न ठरलं होतं. बोटीवर दुसऱ्याच एका अधिकाऱ्याचं तिच्यावर मन बसलं. डॉक्टरशी लग्न झालं, पण टिकलं नाही, घटस्फोट झाला. पुढे ती लंडनमध्ये टिसोच्या घरी राहिली. घटस्फोटित, त्यात लग्नाशिवाय राहणारी, म्हणून भल्या घरांची दारं तिला बंद होती. त्याच्या चित्रांत ती त्या काळचे सुंदरातले सुंदर पोशाख घालून दिसते. पण त्या कपड्यांत तिला कुणी नाचाला बोलावलं नसतं. १८८२मध्ये क्षयाने ती गेली, तेव्हा ती तिशीचीही नव्हती. थोड्याच दिवसांत टिसो लंडन सोडून पॅरिसला परतला. हे माहीत असलं की तिच्या चित्रांमधल्या सहली आणि बागा वेगळ्या दिसू लागतात. त्यातल्या पुष्कळशा त्याच्या घराच्या आवारातल्या आहेत.

भिंती आणि जमीन

खोलीतल्या वस्तू नंतर बघा, पण बघा. एगच्या ‘पास्ट अँड प्रेझेंट’ (१८५८, टेट) या तीन चित्रांच्या मालिकेत पहिल्या चित्रातली बायको जमिनीवर कोसळलीय आणि नवऱ्याच्या हातात तिचं गुपित उघड करणारं पत्र आहे. भिंतीवर आदम आणि ईव्ह यांना नंदनवनातून हाकलल्याचं चित्र, सफरचंद कापलेलं, मुली पत्त्यांचा बंगला बांधतायत. हे जरा जास्तच समजावून सांगणं झालं. मला तिसऱ्या चित्रातली, नदीकाठच्या कमानीखाली बसलेल्या आईची शाल महत्त्वाची वाटते, कारण तिच्याखालून तान्ह्या मुलाचे काटकुळे पाय दिसतात.

चित्र म्हणजे फोटो नव्हे

इथे नवखे लोक फसतात. टिसोकडे ठरावीक पोशाखांचा साठा होता आणि तेच कपडे तो वेगवेगळ्या मॉडेलना घालत असे. पांढऱ्या मलमलीचा, पिवळ्या रिबिनींचा झगा त्याच्या कितीतरी चित्रांत भेटतो. ‘द बॉल ऑन शिपबोर्ड’मध्ये (सुमारे १८७४, टेट) तर एकाच समारंभात एकसारखे पोशाख घातलेल्या बायका आहेत. तेव्हाच्या एका समीक्षकाला या सगळ्या गर्दीत एकही खानदानी बाई दिसली नाही. रस्किननेही पुढे टिसोच्या चित्रांना अभिरुचीहीन समाजाचे नुसते रंगीत फोटो म्हटलं. मला हे दोन्ही शेरे अन्यायाचे वाटतात, पण ते वाचायलाच हवेत. या बायका खऱ्या ‘लेडी’ आहेत की नुसत्या भारी कपड्यांतल्या, हा प्रश्न तेव्हाच्या प्रेक्षकाला किती कुरतडत होता हे त्यातून कळतं.

छापाचित्र बघताना

रंग नसला तर कपडे वाचायचे कसे? रेघेवरून. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने त्यावर चित्र काढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. उघडी पडलेली रेघ आम्ल खातं, तिच्यात शाई भरून छाप घेतात. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नसतं. टोकदार सुईने पत्राच ओरखडतात, आणि रेघेच्या कडेला उठलेली धातूची कीस शाई धरून ठेवते. म्हणून तिचा काळा रंग मखमलीसारखा मऊ उमटतो. काळा झगा, फर, मोठी हॅट यांसाठी याच्याइतकं चांगलं साधन नाही. मात्र ती कीस दाबाखाली लवकर झिजते, त्यामुळे सुरुवातीचे छाप सर्वांत चांगले. शस्त्रवैद्य आणि एचर असलेल्या सिमर हेडनच्या सहवासात टिसोने लंडनमध्ये हे काम मनावर घेतलं आणि आयुष्यात सुमारे ९० छापाचित्रं केली. ‘ऑक्टोबर’चंही त्याने १८७८मध्ये छापाचित्र केलं. मूळ चित्र आणि छाप शेजारी ठेवून त्यातला काळा पोशाख बघा.

एक सावधगिरी बाळगा. पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. कलाकाराने आधीच उलटं काढलं नसेल तर डावा हात उजवा होतो, आणि अंगठीवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकू शकतो. एखाद्या कागदावर अक्षरं किंवा पुरुषाच्या कोटाची बटणं दिसत असतील तर त्यांवरून दिशा आधी पक्की करा, मगच अंगठीबद्दल बोला.

इतकं जमलं की गर्दीच्या चित्रांकडे वळा. विल्यम पॉवेल फ्रिथचं पॅडिंग्टन स्टेशनचं ‘द रेल्वे स्टेशन’ (१८६२) घ्या. त्यातली लग्नाची मंडळी आणि अटक होणारा माणूस आधी फक्त कपड्यांवरून हुडकून काढा. त्यानंतर त्याचंच १८८३चं ‘द प्रायव्हेट व्ह्यू अॅट द रॉयल अकादमी, १८८१’ बघा. तिथे लेखक ऑस्कर वाइल्डच्या आजूबाजूला आणि चित्राच्या कडेलाही काही बायका सैल, कॉर्सेट (कंबर आवळणारी आतली चोळी) नसलेल्या, मळकट हिरव्या-तपकिरी पोशाखात आहेत, आणि बाकीच्या घट्ट आवळलेल्या कमरांच्या. फ्रिथला या नव्या कलावंती फॅशनचा राग होता आणि त्याने तो लपवलेला नाही. या चित्रात नियम मोडणाऱ्या बायका कोणत्या ते मोजा, आणि मग फ्रिथने त्यांना उभं कुठे केलंय ते बघा.